दोन नंबरचं मॅगझीन

दुरुस्तीला हत्यार आलं की लायसन्स बघायचं, हत्याराचा नंबर रजिस्टरात उतरवायचा, सही घ्यायची. कोणावर रोखलं होतं हे विचारायचं नाही, ही आमच्या दुकानाची रीत. कोल्हापुरात आमच्याकडं बरंचसं काम बारा बोअरच्या बंदुकांचं, पीक संरक्षणाच्या लायसन्सवरचं. पिस्तूलवाले थोडे आणि तोरा मोठा.

हे गुऱ्हाळवाले मालक त्यातलेच. .32 चं पिस्तूल काउंटरवर ठेवून म्हणाले, "मिस्त्री, ऐनवेळी दगा देतंय. स्लाईड बघा."

स्लाईड, म्हणजे गोळी आत ढकलणारा वरचा सरकता भाग, ठणठणीत होती. बॅरल, फायरिंग पिन, सगळंच. पिस्तूल अडकलं की लोक पिस्तुलाला शिव्या घालतात, मॅगझीन म्हणजे त्यांना नुसता गोळ्यांचा डबा वाटतो. पण निम्मं काम त्या डब्यात चालतं. खाली स्प्रिंग, तिच्यावर गोळ्या उचलणारी पट्टी आणि तोंडाशी आत वळलेले पत्र्याचे दोन ओठ. गोळी किती वर यावी आणि कधी सुटावी, हे ते ओठ ठरवतात. त्यात आपल्याकडं 9 मिलिमीटर सामान्य माणसाला मिळत नाही, म्हणून .32. पिस्तुलं घडवणाऱ्या ब्राउनिंगच्या काळातली ही गोळी, बुडाची कडा जेमतेम पाव मिलिमीटर बाहेर आलेली. भरताना वरच्या गोळीची कडा खालचीच्या मागं गेली की दोघी एकमेकींत अडकतात, मग स्लाईड कितीही ओढा.

मला आधी तोच संशय होता. पिस्तुलाबरोबर आलेल्या दोन मॅगझीनवर नेलपॉलिशचे ठिपके दिले, एकावर एक, दुसऱ्यावर दोन, आणि डमी काडतुसं भरून हातानं स्लाईड चालवत बसलो. एक ठिपकावालं लोण्यासारखं चाललं. दोन ठिपक्यांच्यात गोळी नाक वर करून मधेच उभी. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. मापाचा व्हर्नियर लावला तर ओठ पहिल्यापेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर पसरलेले आणि एका कोपऱ्याला पोचा. कधीतरी भरलेलं मॅगझीन फरशीवर पडलेलं. उघडलं तर आत शिलाई मशीनचं तेल आणि त्यात चिपाडाचा भुसा थापलेला, पट्टी तिरकी होऊन बसलेली. मॅगझीनच्या आत तेल ओतू नका, कोरडं पुसा, हे मी सांगून थकलो. स्प्रिंगबद्दल मात्र लोक उगाच घाबरतात. गोळ्या भरून ठेवल्यानं ती फारशी मरत नाही. रोज भर-काढ करणं आणि गंज हे तिचे वैरी.

आणि ते मॅगझीन त्यांचंच होतं का, तेही सांगता येत नाही. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोनदा निवडणुकीपायी हत्यारं पोलिसांत जमा झाली. पावतीवर पिस्तुलाचा नंबर असतो, मॅगझीनपुढं फक्त 'नग 2'. कुणाचं कुणाला गेलं, देव जाणे.

आमच्या दुकानातले जुने कारागीर म्हणाले, "पकडीनं दाब आणि दे." सगळे तेच करतात. असे दाबलेले ओठ चार दिवस चालतात आणि पुन्हा पसरतात. मी नाही म्हटलं.

मालकांना मॅगझीन दाखवलं तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. रात्री गुऱ्हाळाच्या पत्र्यामागं काहीतरी हललं. यांनी स्लाईड ओढली, गोळी मधेच अडकली, तरी खटका दाबलाच. तेवढ्यात तिकडून आवाज, "मालक, मी हाय!" चुलवाणावरचा पोरगा. मालक हसत सांगत होते. या शहरात राही सरनोबत घडली, तेजस्विनी सावंत घडली, स्वप्निल कुसाळेचं पॅरिसचं पदक सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, पण आमच्या लायसन्सवाल्यांतला कोणी रेंजवर जाऊन दहा गोळ्या झाडल्याचं मला तरी माहीत नाही.

संध्याकाळी मालकांच्या बायकोचा, वहिनींचा फोन. "भाऊ, ते नीट करू नका. झालं म्हणून सांगा आणि आहे तसंच द्या."

मी म्हटलं, "वहिनी, पिस्तुलात काही बिघाडच नाही. त्या रात्री दुसरं, चांगलं मॅगझीन लावलेलं असतं तर गोळी सुटली असती." पलीकडून बराच वेळ काही बोलणंच नाही. मग म्हणाल्या, "मग दोन्ही ठेवून घ्या."

ते मला जमणारं नव्हतं. लायसन्स मालकांचं, वस्तू मालकांची. दोन नंबरचं मॅगझीन त्यांच्या सहीनं बाद केलं. एक नंबरचं साफ करून दिलं आणि ते दर वेळी चालतं, हेच डोक्यातून जात नाही. चेंबर, म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा, रिकामं ठेवा म्हणालो. दुसरं नवं मॅगझीन कधी येईल असं ते दोनदा विचारून गेलेत. ऑर्डर मी अजून टाकलेली नाही.

जाताना त्यांना म्हटलं, "मालक, आधी एक चांगली बॅटरी घ्या. कोण आहे ते दिसू दे."

"बॅटरी हाय की," ते म्हणाले. "त्या पोराकडंच असती."