रॅल्फ व्हर्नीने न केलेली सही

जुन्या नाशकातील आमचा वाडा उतरवण्यापूर्वी माळ्यावरची पेटी खाली आणली, तेव्हा तीत जमिनीचे मोडी दस्त लाल रुमालात नीट बांधलेले मिळाले. पणजीला माहेरहून आलेली पत्रे मात्र तळाशी सुटी पडलेली होती. दस्त जपायचे असतात हे घरात सर्वांना ठाऊक होते. पत्रांना तसा मान कोणी दिला नव्हता. त्या दिवसापासून सतराव्या शतकातील एका इंग्रज जमीनदार घराण्याचा विचार मनातून जात नाही, कारण त्या घराने दोन्ही जपले.

बकिंगहॅमशायरमधील क्लेडन हे व्हर्नी घराण्याचे गाव. सर एडमंड व्हर्नी हे राजा पहिला चार्ल्स याच्या पदरी होते आणि त्यांचा थोरला मुलगा रॅल्फ, जन्म १६१३, हा १६४० पासून संसदेचा सदस्य होता. सभागृहात बसल्या बसल्या कागदाच्या तुकड्यांवर पेन्सिलीने त्याने घेतलेली टिपणे आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. १६४२ मध्ये राजा आणि संसद यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा रॅल्फ संसदेच्या बाजूला राहिला, तर सर एडमंड यांनी राजाचे निशाण हाती घेतले. राजाने संसदेचे मागणे मान्य करावे असे स्वतः सर एडमंड यांनाही वाटत होते. पण ज्याचे अन्न जवळजवळ तीस वर्षे खाल्ले त्याला सोडण्याचा हलकेपणा आपल्या हातून होणार नाही, असे त्यांनी राजाच्याच पक्षातील एडवर्ड हाइडला सांगितले. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे काय, हे आपल्याकडे निराळे समजावून सांगावे लागत नाही. २३ ऑक्टोबर १६४२ रोजी एजहिलच्या लढाईत ते निशाण सांभाळतानाच मारले गेले. रॅल्फचा धाकटा भाऊ एडमंडही राजाच्या सैन्यात होता. वडील आणि राजा यांच्याविरुद्ध उभे राहिल्याबद्दल त्याने रॅल्फला दुःखाने पत्र लिहिले, पुढे दोघांचे मनही जुळले, परंतु १६४९ मध्ये आयर्लंडमधील द्रोहेडा येथे तोही मारला गेला.

रॅल्फची खरी कसोटी वडिलांच्या मृत्यूनंतर लागली. १६४३ मध्ये संसदेने स्कॉटलंडशी करार केला आणि चर्चची व्यवस्था बदलण्याची शपथ प्रत्येक सदस्याने घ्यावी आणि तिच्यावर सही करावी असे ठरवले. रॅल्फची सदसद्विवेकबुद्धी त्याला तयार होईना. तो राजाकडे गेला नाही, शपथही घेतली नाही. पत्नी मेरीला घेऊन फ्रान्सला निघून गेला आणि ब्ल्वा येथे राहू लागला. काही जण याला कचरणे म्हणतील, मला तसे वाटत नाही. बाजू बदलणाऱ्याला निदान नवे सोबती मिळतात. रॅल्फला कोणीच मिळाले नाही. गैरहजेरीबद्दल १६४५ मध्ये त्याचे सदस्यत्व गेले आणि मग जमिनीवर जप्ती आली. वतन जप्त होणे म्हणजे घराचा कणाच मोडणे.

ती जप्ती उठवण्यासाठी १६४६ च्या अखेरीस मेरी लंडनला गेली. एबिंग्डनच्या ब्लॅकनॉल घराण्यातील या पोरक्या वारसदार मुलीचे तेराव्या वर्षी रॅल्फशी लग्न झाले होते. आता गरोदरपणात, हाती पैसा नसताना ती जप्तीचा निर्णय करणाऱ्या समितीच्या सदस्यांकडे आणि ओळखीच्या लोकांकडे खेटे घालत होती. रॅल्फचे मामा डॉक्टर विल्यम डेंटन वगळता भरवशाचा आधार थोडाच होता. १६४७ मध्ये तिला मुलगा झाला. त्याचे नाव तिने रॅल्फच ठेवले. त्याच वर्षी ते बाळ इंग्लंडमध्ये वारले आणि मुलगी पेग ब्ल्वामध्ये वारली. बापाने त्या मुलाला पाहिले नव्हते, आईला मुलीजवळ शेवटी बसता आले नव्हते, आणि दोघांनाही ही बातमी समुद्रापलीकडून आलेल्या पत्रांतूनच कळली. जानेवारी १६४८ मध्ये जप्ती उठली, मेरी परतली, आणि १६५० च्या मे महिन्यात ब्ल्वामध्येच तिचे निधन झाले. तिचे वय तेव्हा चौतीस होते. रॅल्फने तिचा देह क्लेडनला पाठवला. स्वतः तो १६५३ मध्ये घरी पोहोचला आणि त्याने पुन्हा लग्न केले नाही.

एकेकाळी संसदेच्या बाजूने उभ्या राहिलेल्या या माणसाला १६५५ मध्ये, राजाला हरवून सत्तेवर आलेल्या संसदपक्षाच्या सेनानी क्रॉमवेलच्या राजवटीने राजनिष्ठ ठरवून काही महिने कैदेत ठेवले. राजसत्ता परत आल्यावर १६६१ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला आणि उतारवयात तो बकिंगहॅममधून पुन्हा संसदेत गेला. थोरला मुलगा १६८८ मध्ये वारल्यामुळे, १६९६ मध्ये रॅल्फ गेल्यावर वारसा धाकट्या जॉनकडे आला. हा जॉन तरुणपणी व्यापारासाठी सीरियातील अलेप्पोत राहिलेला होता.

या सगळ्या काळात रॅल्फ आलेली पत्रे सांभाळत होता आणि स्वतःच्या पत्रांचे मसुदेही ठेवत होता. भाडेपट्टे, हिशेब, बहिणींच्या तक्रारी आणि मेरीची लंडनहून आलेली पत्रे यांत त्याने लहानमोठे केले नाही. एकोणिसाव्या शतकात फ्लॉरेन्स नाइटिंगेलची बहीण पार्थेनोपी सून होऊन क्लेडनला आली आणि तिने ती पत्रे लावायला घेतली, तेव्हा मेरीचा शब्द न शब्द तिथे होता. पणजीची पत्रे मी आता दस्तांच्याच लाल रुमालात बांधली आहेत.