माझा अनुभव: शून्य विक्रीचे महिने

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचे बदली फिल्टर नव्या भागात विकायला उतरायचं की नाही, हे ठरवण्यासाठी मागणीचा अंदाज हवा होता. सूत्रं, एक्सेल वगैरे पटकन उरकलं. घोडं अडलं ते वितरकाच्या आकड्यांपाशी, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

आधी नुसतं "पाठवतो, पाठवतो". मग तक्ता आला तो दुकानदारांना धाडलेल्या मालाचा, गिऱ्हाइकाने नेलेल्या मालाचा नव्हे. तिमाही संपताना स्कीम लागली की दुकानदार माल भरून ठेवतात आणि पुढच्या महिन्यात ऑर्डर आटते. आलेख नाचतो, घरोघरी फिल्टर मात्र तेवढेच बदलले जातात. त्यात काही महिन्यांपुढे चक्क शून्य! विचारलं, "गिऱ्हाईक नव्हतं की माल नव्हता?"

"काय फरक पडतो साहेब? विक्री झाली नाही, एवढं खरं."

अहो, सगळा फरक तिथेच! माल संपल्यामुळे पडलेलं शून्य सरासरीत घेतलं, तर जिथून लोक रिकाम्या हाताने परतले तोच बाजार थंड दिसतो. साठ्याची नोंदवही मागितली तर म्हणे ती अंतर्गत बाब. शेवटी पानं दाखवली गोदाम सांभाळणाऱ्याने. बहुतेक शून्य महिन्यांत साठाही शून्यच होता. ते महिने मी रिकामे धरले आणि ज्या वर्षी माल होता, त्या वर्षीच्या त्याच महिन्यावरून भरले. ५० आले आणि ५० संपले, असे महिनेही फसवे असतात. तिथे मागणी ५० नाही, किमान ५०. म्हणून विक्री आणि साठा एकदमच मागा, तेही निदान २४ महिन्यांचे. एकाच वर्षात हंगाम कुठला आणि योगायोग कुठला, कळत नाही.

दुसऱ्या बाजूने ताळाही केला. भागात १,००० यंत्रं आणि फिल्टर वर्षातून एकदा बदलायचा, तर वर्षाला फार तर १,००० फिल्टर. पण दुरुस्तीवाल्यांच्या मते बरेच जण मुदत उलटून गेल्यावरच बदलतात, म्हणून तो आकडा खाली आणला. आपला वाटा त्याहून लहान. हो, लोकांना "घ्याल का?" विचारू नका, तोंडावर सगळे हो म्हणतात. "मागचा कधी बदलला, कुठून घेतला?" हे विचारा.

अंदाज तपासायला शेवटच्या सहा महिन्यांचे आकडे झाकून ठेवले, आधीच्या आकड्यांवरून त्यांचा अंदाज काढला आणि मग ताडून पाहिला. 'गेल्या वर्षी याच महिन्यात जेवढं, तेवढंच' हा बाळबोध नियम माझ्या ऐटबाज सूत्राच्या जवळपास तितकाच बरोबर निघाला. तोच ठेवला, निदान भागीदाराला समजावता आला.

निर्णय मधल्या आकड्यावर घेतला नाही. सर्वांत खालच्या अंदाजातही भाडं, पगार आणि अडकलेलं भांडवल निघतंय का, एवढंच पाहिलं. निघत होतं, जेमतेम. उतरलो, पण सर्वाधिक खपणाऱ्या दोनच मापांचे फिल्टर घेऊन.