चार पेन्सिल सेल

लॅपटॉप घेऊन कुठेही गेलं की नजर आधी प्लग पॉइंट शोधते. यजमान, चहा, गप्पा सगळं नंतर. म्हणून टीआरएस-८० मॉडेल १०० या जुन्या संगणकाबद्दल वाचताना मी थबकलो ते त्याच्या प्रोसेसरपाशी नव्हे, सेलपाशी. चार पेन्सिल सेल! रिमोटमध्ये घालतो तेच. आणि तेवढ्यावर हा संगणक वीसेक तास चालायचा.

१९८३ साली अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांत तो विकायला आला. बनवला जपानच्या क्योसेरानं, सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचं. ज्याच्या कोडचा मोठा भाग आपण स्वतः लिहिला असं हे शेवटचंच उत्पादन, असं बिल गेट्स पुढे सांगत. किंमत १,०९९ डॉलरपासून, वजन दीड किलोच्या आत. दोन वर्षं आधी आलेला ऑस्बोर्न-१ हाही 'पोर्टेबल'च म्हणवायचा, पण तो होता जवळजवळ अकरा किलोंचा. एका माणसाला उचलता येतो, एवढ्याच अर्थानं पोर्टेबल!

मॉडेल १०० ला उघडायचं झाकण नव्हतं. कीबोर्डच्या वरच पडदा सपाट बसवलेला. आठ ओळी, ओळीत चाळीस अक्षरं. बटण सरकवलं की तत्क्षणी मेनू हजर. वर तारीख आणि वेळ, मध्ये प्रोग्रॅमांची नावं, तळाशी किती बाइट शिल्लक त्याचा हिशेब. नाव निवडायचं, एंटर दाबायचं, लिहायला लागायचं. 'सेव्ह केलंस का?' हा प्रश्नच नाही. लिहिलेलं थेट मेमरीतच असायचं आणि यंत्र बंद केलं तरी तिथंच राहायचं. सेल बदलताना आतली छोटी बॅटरी ते सांभाळायची.

बातमीदार त्यावर फिदा झाले, यात नवल नाही. फोनच्या तारेवरून मजकूर पाठवणारा मोडेम आतच होता. फोनची तार जोडता येत नसेल तिथं फोनचा रिसीव्हर मोडेमला जोडलेल्या रबरी कपांत बसवायचा आणि नंबर फिरवायचा. वेग सेकंदाला तीसेक अक्षरांचा, म्हणजे आठशे शब्दांची इंग्रजी बातमी तीनेक मिनिटांत कचेरीत पोचायची. फॅक्ससाठी ताटकळणं नको, की फोनवर कुणाला शब्दन् शब्द सांगत बसणं नको.

देवनागरी त्याला येत नव्हती, हे आपलं दुखणं. आली असती तरी पंचाईतच होती. स्वस्तातल्या मॉडेलला मेमरी ८ केबी, म्हणजे आठेक हजार बाइट, आणि आजच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. हा एवढासा लेखसुद्धा त्यात अंग चोरूनच बसला असता.

हौशी मंडळी ही यंत्रं अजून वापरतात. फक्त सालातले पहिले दोन आकडे, १९, रॉममध्येच, म्हणजे कारखान्यातच भरलेल्या, न बदलणाऱ्या मेमरीत, पक्के केलेले आहेत. त्यामुळे मेनूवर आजही विसावं शतकच चालू असतं. लिहिण्याचं त्यानं काही अडत नाही, म्हणून कुणी फारसं मनावर घेत नाही.