तुम्ही विचारलंत म्हणून: पाईप भिंतीबाहेर का?

घरी येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस बाथरूममधून हात पुसत बाहेर येतं आणि विचारतं, "एवढं छान बाथरूम केलंत, मग ते पाईप असे भिंतीवरून का नेलेत?" "दुरुस्तीला बरं पडतं," म्हणून मी चहा टाकायला आत जाते. उत्तर खोटं नाही, अर्धं आहे. गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने हेच विचारलं. तिच्या घराचं काम निघालंय आणि शॉवरचा मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणारा नळ, भिंतीत घ्यायचा की बाहेर, यावर अडलंय. तिला अर्धं उत्तर देववेना.

आमची इमारत पुण्याच्या सहकारनगरमधली, जुनी. पूर्वी बाथरूममध्ये दोन चाव्यांचा वॉल मिक्सर होता. गळायला लागला की गच्चीवरचा कॉक बंद करायचा, स्पिंडल काढायचा, वायसर बदलायचा, टेफ्लॉन गुंडाळून परत बसवायचा. आईच करायची हे, पान्हा तिच्या शिवणाच्या डब्यात असे. पुढे संधिवाताने तिची बोटं वाकली आणि त्या गोल चाव्या तिला फिरवता येईनात. म्हणून 2017 मध्ये काम काढलं तेव्हा मी एका दांडीचा कन्सील्ड डायव्हर्टर घेतला, म्हणजे भिंतीच्या आत बसणारा आणि पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा मिक्सर. वर उचलली की पाणी, डावीकडे गरम, उजवीकडे गार. तो दिसायलाही सुरेख होता, आणि मला ती सपाट, मोकळी भिंत हवी होती हेही खरं. पण पहिलं कारण आईचे हात. यात माझं काय चुकलं, हे मला आजही कळत नाही.

चूक टाइल्सची झाली. डायव्हर्टरची बॉडी भिंतीत बसवताना त्याच्या प्लास्टिकच्या झाकणावर खुणा असतात: तयार भिंत या दोन खुणांच्या मध्ये आली पाहिजे. प्लंबरने ती जुन्या टाइल्सच्या पातळीला बरोबर बसवली होती. त्यानंतर मी ठरवलं की जुन्या टाइल्स न काढता नव्या त्यांच्यावरच चिकटवायच्या. राडारोडा वाचणार होता, पैसे वाचणार होते. टाइल आणि खालचा चिकटा मिळून भिंत बोटभर पुढे आली आणि बॉडी तेवढीच आत गेली. वरची चकती बसली, दांडी फिरली, सगळे खूश. दांडीबरोबर फिरून पाणी कमीजास्त करणारा आतला सुटा भाग, म्हणजे कार्ट्रिज, त्याच्या नटपर्यंत आता पान्हा पोचणार नाही, हे तेव्हा कुणीच बोललं नाही. प्लंबरने बोलायला हवं होतं. पण तो गेल्यावर टाइल्सचा निर्णय मी घेतला, त्याला कुणी विचारलं होतं?

या कार्ट्रिजमध्ये सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. खडकवासला धरणाचं पाणी तसं मऊ, पण उन्हाळ्यात आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळतं आणि ते चांगलंच जड, क्षारांचं असतं. त्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद, की "शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने" हे पुण्यात सगळ्यांना पाठ आहे. रिकामी लाइन पुन्हा भरताना तळाचा गाळ आणि गंज घेऊन येते. क्षार आणि बारीक रेती चकत्यांमध्ये बसत गेली आणि दांडी जड झाली. जोर लावावा तर हलायची नाही, आणि सुटली की एकदम टोकाला जायची.

2022 च्या नवरात्रात प्लंबर बघून गेला. "ताई, फोडावं लागेल. चार टाइल्स जातील." त्या टाइल्स कंपनीने बनवायच्या बंद केल्या होत्या. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. मग भाच्याचं लग्न. आईला सांगून ठेवलं होतं, "दांडी जपून फिरव." संधिवात असलेल्या बाईला मी जपून फिरवायला सांगत होते.

डिसेंबरातला शुक्रवार होता. सकाळी आठच्या सुमाराला बाथरूममधून आईचा आवाज आला. ती ओरडली नाही. "अगं, अगं," एवढंच, दोनतीनदा, हळू. दाराला आतून कडी लावू द्यायची नाही हा आमचा नियम होता, म्हणून मी आत जाऊ शकले. ती कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभी होती, शॉवर पूर्ण गरमवर. तिने गारकडे ढकलायला जोर लावला होता आणि दांडी उलटी डावीकडे सटकली होती. त्या पाण्यातून हात घालून दांडी फिरवायला गेले, तर ती मलाही हलेना. खाली दाबून बंद करायचं सुचायला किती वेळ गेला, सांगता येत नाही. गिझरची तापमानाची खुंटी शेवटपर्यंत फिरवलेली होती, कारण बादलीला तेवढं गरम लागतं. 60 अंशांच्या पाण्याने माणूस पाचेक सेकंदांत खोल भाजतो, हे मला नंतर कळलं. म्हाताऱ्या, पातळ कातडीला त्याहूनही कमी वेळ पुरतो.

खालचा नळही त्याच डायव्हर्टरवर, म्हणजे बाथरूममध्ये गार पाणी नाही. तिला स्टुलावर बसवलं आणि बाहेरच्या बेसिनच्या नळावरून मग्गे भरभरून उजव्या खांद्यावर आणि पाठीवर ओतत राहिले. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन आल्या, मी लावू दिली नाही. वीस मिनिटं पाणी ओतलं. पुढे डॉक्टरांनी तेवढी एक गोष्ट बरोबर केलीत म्हणून सांगितलं. पाणी ओतत असताना आई म्हणाली, "टाइल्स फोडू नकोस गं, माझं काय, होईल बरं." तिला सगळं ऐकू गेलं होतं, प्लंबरचं आणि माझं.

पाठ भरायला दीड महिना लागला. खांद्यावर डाग आहे.

त्याच आठवड्यात मी पाईप बाहेर घेतले. गिझरपासून दोन्ही लाइन भिंतीवरून, प्रत्येकीला वेगळा कॉक, पाव फेऱ्यात उघडणाऱ्या लांब दांड्यांचे दोन नळ, कोपरानेही फिरतील असे. गार लाइनला गाळ अडवायला जाळी. महिन्यातून एकदा जाळी धुते, कॉक उघडबंद करते.

माझ्या धाकट्या भावाला हे पटत नाही. तो म्हणतो, पाईप आत-बाहेर असण्याचा भाजण्याशी संबंध नाही. गिझर 50 वर ठेवला असता आणि कार्ट्रिज वेळेवर बदललं असतं तर आतला डायव्हर्टरही चालला असता. उलट आता गरम पाईप हाताशी आलाय, म्हातारं माणूस आधाराला तोच धरेल. हे बरोबर आहे. त्या पाईपला आम्ही वेष्टण घातलंय आणि धरायला भिंतीला दांडा वेगळा बसवलाय. मैत्रिणीला म्हणून मी "बाहेरच घे" असं सांगू शकत नाही. आतलाच घेणार असलीस तर टाइल्सची जाडी आधी ठरव आणि कॉक हाताशी ठेव, एवढं सांगते.

आणि राहिलेलं अर्धं उत्तर. पाईप बाहेर नेले त्याचं एक कारण हेही होतं की तसं केल्याने टाइल्स फोडाव्या लागल्या नाहीत. त्या आठवड्यातही. जुना डायव्हर्टर अजून भिंतीतच आहे, शॉवरच्या आणि नळाच्या तोंडाला प्लग मारून. गरम लाइन तोडली, पण गारची जुनी लाइन भिंतीतूनच जाते, त्यामुळे त्याच्यामागे अजून दाबाचं पाणी आहे. भाऊ दर वेळी आला की चकतीवर हात ठेवून ओल बघतो. अजून ओल नाही. आई आता बादलीनेच आंघोळ करते.