मुंबईच्या कचऱ्यातील स्फुरदाच्या शोधात एक दिवस

रत्नागिरीजवळच्या आमच्या बागेची माती जांभी आहे. तिच्यातील लोह आणि ॲल्युमिनियम पाण्यात चटकन विरघळणारा स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात, त्यामुळे डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या रासायनिक खताच्या गोणीतील बराचसा भाग कलमांच्या मुळांपर्यंत पोहोचतच नाही. ज्या स्फुरदासाठी देशाला आयातीवर अवलंबून राहावे लागते, तोच मुंबईसारखे शहर रोज टाकून देते. तो खत म्हणून हाती लागतो का, हे पाहण्यासाठी गेल्या मे महिन्यात मी मुंबई गाठली.

पहाटे साडेपाचला ससून डॉकवर होतो. इथे यायचे तर सातच्या आत यावे, रबरी बूट घालावेत आणि छायाचित्रे काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी. जून-जुलैत मासेमारी बंद असल्याने तेव्हाची खेप वाया जाईल. कोळंबी सोलत बसलेल्या एका मावशींनी टरफलांचा ढीग दाखवून, "हे न्या की," असे सुचवले. पण टरफलांत प्रामुख्याने चुन्याचा अंश असतो. स्फुरद हवा असेल तर माशांची हाडे घ्यावीत. ती धुऊन मीठ काढावे, उकळून उन्हात कडकडीत वाळवावीत आणि मगच कुटावीत. हाडांचा हा चुरा आमच्या आम्लधर्मी मातीत हळूहळू विरघळतो. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही.

दुपारी चेंबूरच्या एका वसाहतीत भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या 'निसर्गऋण' पद्धतीचे, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत करणारे संयंत्र पाहिले, आणि माझ्या मते दिवसभरातील सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती. कचऱ्यातील बराचसा कर्ब (कार्बन) बायोगॅस होऊन निघून जातो, पण स्फुरद वायुरूप होत नसल्याने तो जवळजवळ सगळा मागे उरलेल्या मळीतच राहतो. वाळवणाच्या वाफ्यातून उचललेला तुकडा चिमटीत दाबला, तेव्हा तो काळसर रव्यासारखा भुगा झाला आणि त्याला पहिल्या पावसातील मातीसारखा वास आला. अशा ठिकाणी जाण्यापूर्वी वसाहतीच्या कार्यालयाला दोन-चार दिवस आधी कळवावे.

तिथल्याच प्लंबरदादांनी मुतारीचा कापलेला पाइप दाखवला. आतून पांढरट, खडबडीत थर धरला होता. अशा थरात बहुधा स्ट्रुव्हाइट असते, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिक. सांडपाण्यात मॅग्नेशियम मिसळून हे स्फटिक मुद्दाम तयार करता येतात; शुद्ध स्ट्रुव्हाइटमध्ये सुमारे २९ टक्के स्फुरद (खतांच्या प्रथेप्रमाणे P₂O₅, म्हणजे फॉस्फरसच्या ऑक्साइडच्या रूपात मोजलेला) असतो, डीएपीत ४६. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, पण मुळांभोवतीच्या आम्लांत विरघळते, म्हणून जांभ्या मातीला ते मानवेल असे मला मनापासून वाटते. जर्मनीने मोठ्या सांडपाणी केंद्रांना २०२९पासून स्फुरद परत मिळवणे बंधनकारक केले आहे; आपल्या महानगरांतही हे व्हायलाच हवे.

एक चूक मात्र झाली. संध्याकाळी एका दुकानातून शहरी कंपोस्टची गोणी घेतली आणि तिच्यावर घटकांचे लेबलच नसल्याचे गाडीत बसल्यावर ध्यानात आले. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये एका किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय, विशेषतः भाजीपाल्यासाठी, गोणी उचलू नये. ती गोणी मी बाजूला ठेवली आहे. चेंबूरचे खत आणि हाडांचा चुरा पावसापूर्वी काजूच्या दोन कलमांच्या आळ्यांत घातला, आणि शेजारची दोन कलमे तुलनेसाठी तशीच ठेवली आहेत.