खळ्यातली होडी

मे महिन्यात आमच्या खळ्याला, म्हणजे घरापुढच्या अंगणाला, दोन मालक असतात: काकीची सोलं आणि दादाची होडी. अर्ध्या खळ्यात चटयांवर कोकमाच्या साली पसरलेल्या असतात, त्यांना रोज आगळाचं, म्हणजे कोकमाच्या खारट रसाचं, नवं पूट. उरलेल्या अर्ध्यात माडाच्या ओंडक्यांवर पालथी घातलेली २२ फुटांची होडी. दादाने ग्राइंडर लावला की फायबरची धूळ कोणाची हद्द ओळखत नाही. मग काकी पदराने नाक झाकून चटया उचलते आणि जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. मालवणी माणूस शिव्याही प्रेमाने देतो, असं बाहेरचे लोक म्हणतात. त्यांनी काकीला सोलांच्या दिवसांत ऐकलेलं नाही.

आमचं घर कालावलच्या खाडीकाठी. मी नोकरीपायी ठाण्यात असतो, मे महिन्यात आठ-दहा दिवस गावी जातो. ऑफिसात सगळ्यांना वाटतं मी आंबे खायला जातो. गावी पोचलो की दादा चहाच्या आधी हातात पॉलिश पेपर देतो.

घाई त्याची नसते, पावसाची असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. या दोन महिन्यांत होडीचं सगळं करता येईल असं कागदावर वाटतं. पण फायबरला दमट हवा सोसत नाही. ओल्या अंगावर लावलेलं रेझिन (काचेचे तंतू धरून ठेवणारा चिकट द्रव) नीट सुकत नाही, चिकट राहतं आणि पुढे पापुद्रे सुटतात. म्हणजे फायबरचं काम मेमध्येच, आणि बंदीत करायचं ते जाळी विणणं, इंजिन उघडणं, पावसाकडे बघत बसणं.

आजोच्या वेळी हे नव्हतं. त्याच्या होडीचा तळ एका अखंड आंब्याच्या खोडाचा, कोरून काढलेला. त्यावर बाजूच्या फळ्या, आणि त्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. हो, शिवलेल्या. खिळा एकही नाही. लाटेत होडी वाळूवर आदळली की खिळ्यांची होडी तडकते, शिवलेली अंग जरा सैल सोडते आणि सावरते. पण ती शिवण खाऱ्या पाण्यात कुजायची, म्हणून उसवायची, नवी घालायची, फटींत काथ्या ठासायचा. मग वरून तेल. उंडीच्या बियांचं, नाहीतर काजूच्या टरफलांचं, आणि कधी मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, यकृताचं. उंडीचं झाड घरामागेच होतं, काजू परड्यात. दुकानातून काहीच यायचं नाही. वास मात्र असा, की शाळेत माझ्या बाकावर कोणी शेजारी बसायचं नाही. जुनं ते सगळं सोनं असं म्हणणाऱ्यांनी मुशीचं तेल एकदा हुंगावं.

तेलाचं खरं कारण लाकूड खाणारा किडा. पाण्यातली अळी लाकडात शिरते तेव्हा टाचणीएवढं भोक करते, आत गेल्यावर लांबच लांब बोगदे पाडते. बाहेरून फळी धडधाकट, आतून मधाचं पोळं. म्हणून आजो होडी वर ओढून, सुक्या झावळ्यांचा जाळ करून तिचं पोट शेकवायचा. बाळंतिणीला शेकतात तसं, असं आजी म्हणायची. होडीत पाणी दिसलं की आम्ही पोरं चिंध्या घेऊन धावायचो, तेव्हा तो ओरडायचा, "पाणी खंयसून येता ता आधी बघ, मगे बुजय." हे वाक्य मी पुढे ठाण्याच्या फ्लॅटमधल्या गळक्या भिंतीलाही लावून बघितलं. सोसायटीने न बघताच बुजवलं. भिंत अजून गळते.

मी कॉलेजात असताना काकाने आजोच्या होडीला फायबरचं अस्तर चढवलं. कल्पना झकास होती: आत लाकडाचा दम, बाहेर फायबरची कातडी, किडा शिरणार कुठून! दोन पावसाळे होडी नवरीसारखी दिसली. तिसऱ्या वर्षी दादाने सहज पटाशी टेकवली तर ती मुठीपर्यंत आत गेली. कुठून तरी केसाएवढी चीर पडली होती, तिच्यातून पाणी गेलं आणि अस्तरामुळे बाहेर पडायला वाट राहिली नाही. लाकडाला वाळायलाच मिळालं नाही. आजो त्यावर काही बोलला नाही. फक्त पटाशी काढून तिला चिकटलेला भुसा नाकाशी नेला आणि परत ठेवली.

आताची होडी अख्खी फायबरची, सेकंडहँड घेतलेली. किडा नाही, शिवण नाही. आता कटकटी वेगळ्या. दगडाला घासून वरचा जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) गेला की आतले काचेचे तंतू उघडे पडतात आणि पाणी प्यायला लागतात. मग तेवढा भाग घासून उडवायचा, कोरडा होऊ द्यायचा, काचेच्या तंतूंची ४५० ग्रॅमची मॅट फाडून (कापून नव्हे, फाडलेली कड मिसळते) रेझिनमध्ये बसवायची आणि रोलरने हवेचे बुडबुडे हाकलायचे. किलोभर रेझिनला हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन, १०-१५ मिली. मेच्या उन्हात यात अंदाज चुकला तर हातातला डबा तापतो, धूर निघतो, आणि ब्रशसकट दगड होतो. आमच्याकडे असे तीन दगड आहेत. एक काकीच्या न्हाणीघराचं दार अडवतो.

कोबाल्ट (रेझिन लवकर सुकवणारं दुसरं रसायन) आणि हार्डनर मात्र कधी थेट एकत्र करायचं नाही, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये ढवळायचं, मग हार्डनर. दादा दोन्ही बाटल्या खळ्याच्या दोन टोकांना ठेवतो. काकी म्हणते, तुम्हा दोघा भावांनासुद्धा लहानपणी असंच ठेवायला हवं होतं.

फायबरची खाज हा स्वतंत्र विषय. काचेची कुसळं दिसत नाहीत, रात्री दीड वाजता कळतात. गरम पाण्याने अंघोळ केलीत तर मेलात. थंड पाणी, न चोळता. मी पहिल्या वर्षी चोळलं होतं.

माझा म्हणून एक पराक्रम सांगायलाच हवा. दादाची दुसरी, छोटी होडी खाडीत कालवं काढायला जाते. तिच्या उलांडीचं, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला जोडलेल्या तरंगत्या ओंडक्याचं, लाकूड पांगाऱ्याचं, हलकं, पण पाणी पिऊन जड झालेलं. मी फोनवर चार व्हिडिओ बघून ठरवलं, थर्माकोलची उलांडी करू आणि वर फायबर. दोन दिवस भावाचं कौतुक ऐकत मी थर्माकोल सुबक कापला, घासला, आणि रेझिनचा पहिला हात मारला. थर्माकोल तव्यावरच्या लोण्यासारखा बसत गेला. रेझिनमधलं स्टायरिन थर्माकोल विरघळवतं, हे चारही व्हिडिओंतल्या कोणाला सांगावंसं वाटलं नव्हतं. शेवटी प्लास्टिकच्या जाड पाइपची दोन्ही तोंडं बंद करून उलांडी केली. ती अजून तरंगते. गावात मला मात्र "थर्माकोल" म्हणतात.

इंजिनाचं फार सांगत नाही, कारण मला त्यातलं कळत नाही. बाहेर टांगायचं छोटं मशीन आहे. खाडीतून आलं की गोड्या पाण्याच्या पिंपात त्याचं खालचं अंग बुडवून दहा मिनिटं चालवायचं, नाहीतर आत मीठ धरतं. बाजूने पाण्याची बारीक धार येते का, हे बघायचं. धार थांबली की आतली रबरी चक्री गेली. एका वर्षी दादाने इंजिनाची पट्टी बसवताना पितळी नटांशेजारी साधे लोखंडी बोल्ट मारले. खाऱ्या पाण्यात पितळ आणि लोखंड चिकटून बसले की झीज लोखंडाची. वर्षभरात बोल्टची बडीशेप झाली. नशीब, इंजिन खळ्यातच पडलं. काकीच्या सोलांवर.

परवा रात्री ठाण्यात पाऊस कोसळत होता. होडी आता सुलटी करून झापांखाली ठेवलेली असणार. पावसाचं पाणी आत साचू नये म्हणून तळाचं बूच काढून ठेवायचं असतं, आणि नारळी पौर्णिमेला होडी ढकलताना ते आठवणीने लावायचं असतं. वाडीत प्रत्येक घराने एकदा तरी बूच न लावता होडी पाण्यात लोटलेली आहे. आमच्या घराने दोनदा. मी साडेदहाला फोन लावला. काकीने उचलला.

"काकी, दादाने बूच काढलंय ना?"

"माका काय म्हायत," ती म्हणाली. "सोलां मी भरून माळ्यार टाकलंय."