पतीच्या सहीपाशी अडलेला प्रबंध : माझा अनुभव

नागपुरातील एका वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर प्रबंधासाठी मी रक्तक्षय असलेल्या गर्भवतींना लोहाची गोळी रोज द्यावी की दिवसाआड, हा विषय घेतला होता. बाकी सोपस्कार आठवडाभरात उरकले; एथिक्स कमिटीत, म्हणजे संशोधन नैतिक आहे का हे तपासून मंजुरी देणाऱ्या समितीत, मात्र प्रस्ताव चार महिने अडकला, कारण संमतीपत्रावर पतीची सही बंधनकारक करा, असा शेरा आला.

समितीचा हेतू संरक्षणाचाच होता. १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेल्या आणि १९६१ मध्ये मागे घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बालके व्यंगासह जन्मली, तेव्हापासून गर्भवतींना संशोधनापासून दूर ठेवणेच सुरक्षित मानले गेले. वास्तविक ते औषध गर्भावरील परिणाम नीट न तपासताच त्यांच्या हाती पडले होते. कोविड लसीच्या सुरुवातीच्या चाचण्यांतूनही त्यांना वगळले, आणि आपल्याकडे त्यांना लसीची मुभा जुलै २०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरत असताना मिळाली.

संमतीपत्राचा मराठी मसुदा समजतो का, हे पाहण्यासाठी मी तो ओपीडीतील काहीजणींना वाचून दाखवत असे. त्यांतील एकीचा नवरा कामासाठी हैदराबादला होता. पतीच्या सहीची रिकामी रेघ बोटाने दाखवत ती म्हणाली, "बाळ माह्या पोटात आहे, सही मी करतो ना मॅडम." मी हे उत्तरात लिहिले, पण पुढच्या बैठकीला कायदेतज्ज्ञ सदस्य नसल्याने कोरम भरला नाही आणि आणखी दोन महिने गेले. सिऑम्स (CIOMS) या वैद्यकीय संशोधनाच्या नीतीविषयी मार्गदर्शन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतील एकोणिसावी सूचना स्पष्ट सांगते की, स्त्रीने घरच्यांचा सल्ला जरूर घ्यावा, पण दुसऱ्या कोणाचीही परवानगी तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. तो उतारा जोडल्यावर शेरा मागे घेतला गेला. तो पहिल्याच अर्जाला जोडावा, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही.

निरक्षर स्त्रीसाठी निःपक्ष साक्षीदाराची सही लागते. ती बाब वेगळी आहे, तिची सोय आधीच करावी. तसेच पहिली सहभागी घेण्यापूर्वी सीटीआरआय या भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतील नोंदणी पूर्ण असावी लागते, म्हणून मंजुरीपत्र मिळताच त्याच दिवशी अर्ज भरावा.

मंजुरी आली तेव्हा त्या बाईंना सातवा महिना लागला होता. अभ्यासात सहभागी करून घेण्याची आमची मर्यादा गर्भधारणेच्या वीस आठवड्यांची होती.